गाडी मिसिंग मारते, पण मेस्त्रीसमोर नाही: गॅरेजला नेण्याआधीची तयारी

सतत मिसिंग मारणारी (म्हणजे इंजिनचा एखादा सिलिंडर मध्येच पेट न घेणारी) गाडी परवडली, अधूनमधून मारणारी नको. गॅरेजच्या दारात ती शहाण्यासारखी चालते, मेस्त्री एक राउंड मारून येतो, "प्लग टाकून बघू" म्हणतो, आणि तिथून अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. तो खर्च टाळायचा तर पुरावा आपण गोळा करून न्यायचा. हे सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरतं. डिझेलला ठिणगीच नसते, त्याचा हिशेब वेगळा.

पहिलं म्हणजे ते मिसिंगच आहे ना, हे बघून घ्या. क्लच घसरत असेल तर आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी मागे राहते. चाकाचं बॅलन्सिंग गेलं असेल तर न्यूट्रलमध्ये सोडली तरी थरथर वेगाबरोबर चालूच राहते. मिसिंगमध्ये गाडी ढकलल्यासारखी झटका खाते, किंवा सिग्नलला उभी असताना मध्येच लटपटते.

मग एक छोटी वही डॅशबोर्डवर ठेवा. झटका बसला की इंजिन गार होतं की गरम, गिअर कोणता, चढ होता का, एसी चालू होता का, पाऊस होता का, टाकीत किती पेट्रोल होतं, गाडी पेट्रोलवर होती की सीएनजीवर, एवढं लिहायचं. गाडी चालवताना नको. शेजारी बसलेल्याला लिहायला सांगा. या वहीला स्कॅनरइतकीच (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) किंमत आहे. साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढताना वरच्या गिअरमध्ये दाबली की मारते, सपाटीला नाही, असं असेल तर आधी कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देते ती) आणि प्लग बघायचे. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. फक्त आयडलिंगला लटपटते आणि रेस दिली की सुधारते, तर कुठून तरी जास्तीची हवा ओढली जात असावी, व्हॅक्युमचे पाइप बघा. पुणे रोडला बराच वेळ वेगात चालल्यावर पिकअप मरत असेल तर पेट्रोलचा पंप आणि फिल्टर. टाकी फुल केल्यावर लगेचच त्रास, तर टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह. सीएनजीवर मारते आणि पेट्रोलवर नाही, एवढ्यावरून सीएनजी किटला दोष देऊ नका. गॅसला ठिणगीचं व्होल्टेज मुळातच जास्त लागतं, त्यामुळे थकलेली कॉइल आधी सीएनजीवरच उघडी पडते.

स्कॅनर हवाच. मोबाईलला जोडायचा साधा ब्लूटूथवालाही चालेल, सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली असतं. पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरला बांधलेलं नाही. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. चेक इंजिनची लाईट पेटली नसली तरी पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड बघा. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे त्या क्षणाचा आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान. त्याचा फोटो काढल्याशिवाय कोड पुसू नका, आणि "रिसेट होईल" म्हणून बॅटरीचं टर्मिनल तर मुळीच काढू नका. सगळा पुरावा तिथेच जातो. लाईट लुकलुकायला लागली तर मात्र वही-बिही राहू द्या, पाय हलका करा आणि गाडी बाजूला घ्या. न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा पार्ट) जाऊन तो तापतो, आणि तो पार्ट कॉइलपेक्षा फार महाग आहे.

स्वतः उघडणार असाल तर प्लगचा पाना (बऱ्याच गाड्यांना १६ मिमी, काहींना १४), लांब एक्स्टेन्शन, फीलर गेज (प्लगची फट मोजायला), टॉर्क पाना, उजेडासाठी टॉर्च आणि नंबर टाकायला चिकटपट्टी काढून ठेवा. इंजिन पूर्ण गार हवं, हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना आटे जातात. कॉइल काढली की प्लगच्या खड्ड्यातली धूळ आधी हवेने उडवा. खड्ड्यात ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं, ते न बदलता नवी कॉइल टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. आता प्लग उजेडात फिरवून बघा. पांढऱ्या चिनी मातीवर केसासारखी उभी काळी रेघ आणि कॉइलच्या रबराच्या आतही तशीच खूण, म्हणजे ठिणगी आतून न जाता बाहेरून पळतेय. प्लग आणि रबर दोन्ही बदला. धातूला लागून असलेला तपकिरी पट्टा मात्र निरुपद्रवी, त्यावरून घाबरवणारे भेटतील. इरिडियम प्लगला पॉलिश पेपर लावू नका.

समजा कोड पी०३०१ आहे, तर एक नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची एकवर टाका, कोड पुसा, आणि वहीत लिहिलेल्या त्याच चढावर त्याच गिअरमध्ये गाडी न्या. पी०३०१ चा पी०३०३ झाला तर चोर सापडला. नाही हलला तर प्लग तसेच फिरवा, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा). एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशाने बरी झाली ते कळत नाही, आणि बिलावर दोन्ही असतात. काहीच फिरत नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला सांगा. शेताकडेला किंवा वाड्याच्या अंगणात गाडी उभी राहत असेल तर इंजेक्टरच्या वायरी उंदराने कुरतडल्यात का, तेही बोट फिरवून बघा. अर्धी तुटलेली वायर अधूनमधूनच दगा देते.

गॅरेजला देताना वही, कोडचे फोटो आणि कुठले पार्ट कधी बदलले ते कागदावर लिहून द्या, जुने पार्ट परत मागा, आणि मेस्त्रीला शेजारी बसवून तोच चढ दाखवा. सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच मारत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे लावून या आणि "मी येईपर्यंत चावी फिरवू नका" असं सांगा.