गाडीचे पासिंग: मुदत ओळखताना आणि तपासणी केंद्र निवडताना या चुका टाळा

वाहनाची रस्त्यावर धावण्याची पात्रता ठरवणारी तपासणी, म्हणजेच सर्वांच्या बोलण्यातले ‘पासिंग’, बहुतेक वाहनमालकांच्या लक्षात येते ती कोणीतरी गाडी अडवून कागदपत्रे मागितल्यावर किंवा जुनी गाडी विकायला काढल्यावर. तोवर मुदत उलटून गेलेली असते, आणि मग घाईघाईत चुकीच्या कार्यालयात जाणे, अपुरी कागदपत्रे नेणे, गाडीची कोणतीही तयारी नसताना ती निरीक्षकासमोर उभी करणे असा क्रम सुरू होतो. हा त्रास टाळता येण्यासारखा आहे. वेगवेगळ्या तारखा एकमेकींत मिसळू न देणे आणि प्रत्यक्ष तपासणीला केवळ कागदोपत्री सोपस्कार न मानणे, एवढ्या दोन गोष्टी पाळल्या तरी बहुतांश अडचणी उद्भवत नाहीत.

सर्वांत मोठी आणि सर्वत्र आढळणारी चूक तारखांच्या बाबतीत होते. एकाच गाडीला विम्याची मुदत असते, पीयूसीची (प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची) मुदत असते आणि नोंदणीची किंवा योग्यता प्रमाणपत्राची मुदत असते. या तिन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. विमा नुकताच भरला आहे, म्हणून गाडी कायदेशीररीत्या रस्त्यावर आणता येते, असा समज करून घेणारे अनेक जण असतात. अधिकृत सेवा केंद्रात नियमित सर्व्हिसिंग होते, म्हणून तपासणीची गरज नाही, असे समजणारेही कमी नाहीत. सर्व्हिसिंगची पावती गाडीच्या प्रकृतीबद्दल काही सांगत असेल, परंतु कायद्याच्या दृष्टीने ती योग्यता प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही.

खासगी गाडी आणि व्यावसायिक गाडी यांचे नियम वेगळे आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती पात्र ठरली, तर नोंदणी एका वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. टॅक्सी, रिक्षा, टेम्पो, ट्रक, बस यांसारख्या परिवहन वाहनांना मात्र अधिनियमाच्या कलम ५६ खालील योग्यता प्रमाणपत्र लागते, आणि ते नसेल तर त्या वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. पूर्ण बांधणी होऊन विकले गेलेले नवे परिवहन वाहन नोंदणीच्या तारखेपासून दोन वर्षे योग्य असल्याचे गृहीत धरले जाते. पुढे वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकृत करावे लागते. आठ वर्षांचा हा टप्पा ओलांडताना अनेक चालक-मालक फसतात. इतकी वर्षे दर दोन वर्षांनी पासिंग करण्याची सवय झालेली असते, त्यामुळे या वेळच्या प्रमाणपत्रावर एकाच वर्षाची मुदत आहे हे वाचलेच जात नाही.

मुदत मोजताना गाडी विकत घेतल्याची किंवा कारखान्यातून बाहेर पडल्याची तारीख धरणे ही याच चुकीची दुसरी बाजू होय. गणना नोंदणीच्या तारखेपासून होते. वापरलेली गाडी घेतली असेल, तर तुमच्या नावावर हस्तांतरण झाल्याची तारीख येथे निरुपयोगी आहे. पहिल्या मालकाच्या नावे प्रथम नोंदणी झाली ती तारीख पाहावी. अंदाजावर विसंबण्याचे खरे तर कारणच नाही, कारण मुदत आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) छापलेली असते आणि एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची, फिटनेसची (योग्यता प्रमाणपत्राची), विम्याची आणि पीयूसीची अशी प्रत्येक मुदत स्वतंत्रपणे पाहता येते. आरसीवरची आणि प्रणालीतली तारीख जुळत नसेल, तर ती तफावत आधी कार्यालयातून दुरुस्त करून घ्यावी, कारण अर्ज पुढे सरकतो तो प्रणालीतल्या नोंदीवर.

खासगी गाडीच्या नूतनीकरणासाठी नमुना २५ मधील अर्ज मुदत संपण्याच्या आधी साठ दिवसांपर्यंत करता येतो. समजा एखाद्या कारची नोंदणी १२ जुलै २०११ रोजी झाली असेल, तर तिची मुदत ११ जुलै २०२६ रोजी संपते आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून अर्जाची खिडकी उघडते. हे दोन महिने पुरेसे वाटतात. मात्र गाडीत काही दोष निघाला, सुटा भाग मिळायला वेळ लागला किंवा तपासणीची वेळ लगेच मिळाली नाही, तर ते झपाट्याने संपतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मुदत उलटून गेल्यावरही ‘थोडे दिवस चालवतो, मग बघू’ ही वृत्ती महागात पडते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५२ प्रमाणे नोंदणीची मुदत संपलेले खासगी वाहन नूतनीकरण होईपर्यंत सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. विनानोंदणी वाहन चालवल्याबद्दल अधिनियमाच्या कलम १९२ खाली पहिल्या गुन्ह्यासाठी ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, नूतनीकरणाला उशीर झाल्याबद्दलचे शुल्क वेगळेच भरावे लागू शकते, आणि दुर्दैवाने त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनीशी दीर्घकाळ वाद घालत बसण्याची वेळ येते. दंडाची रक्कम एकवेळ भरता येते; अपघातग्रस्ताच्या भरपाईचा प्रश्न त्याहून कितीतरी गंभीर आहे. मुदत संपून गेलीच असेल, तर गाडी स्वतः चालवत तपासणीला नेण्याऐवजी टो करून नेणे हाच निर्धास्त मार्ग होय.

पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारातच घालावी लागते, हा समज महाराष्ट्रात अजूनही घट्ट आहे. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांबाबत न्यायालयीन आदेशांमुळे निर्बंध आले, आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबवण्यात आले. या दोन बातम्या एकत्र होऊन हा गैरसमज पसरला असावा. महाराष्ट्रातील खासगी गाडी पंधरा वर्षांनंतरही तपासणीत पात्र ठरली, तर तिची नोंदणी नूतनीकृत होते. त्यासाठी पर्यावरण कर भरावा लागतो, आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. उलट गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली असेल, तर ती रस्त्याच्या कडेला सोडून देण्याऐवजी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. तेथे गाडी जमा केल्याबद्दल मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवीन गाडी घेताना मोटार वाहन करात सवलत मिळण्याची तरतूद आहे, शिवाय जुना क्रमांक तुमच्या नावे चालू राहत नाही.

तपासणी कोठे करायची?

जवळचे ठिकाण शोधताना लोक सहसा नकाशावर ‘आरटीओ’ असे शोधतात आणि जे पहिले दिसेल तेथे पोहोचतात. मोठ्या शहरांत ही चूक हमखास होते. एकट्या मुंबईत ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली अशी स्वतंत्र कार्यालये आहेत, तर पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांचेही कारभार वेगळे आहेत. नूतनीकरणाचा अर्ज गाडी सध्या ज्या कार्यालयाच्या हद्दीत आहे तेथे करायचा असतो, त्यामुळे पत्ता बदलला असेल तर तो आरसीवर आधी नोंदवून घ्यावा. दुसऱ्या राज्यात नोंदणी झालेली गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे असेल, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून येथील क्रमांक घेणे बंधनकारक आहे. ते काम अर्धवट ठेवून पासिंगला जाण्यात काही अर्थ नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याआधी परिवहन कार्यालयाच्या शिबिराचे वेळापत्रक पाहावे, कारण अनेक तालुक्यांत ठरलेल्या दिवशी असे कॅम्प भरतात आणि दिवसभराची फेरी वाचते.

आणखी एक बदल लक्षात घ्यायला हवा. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांसाठी नियम केले आणि टप्प्याटप्प्याने वाहनांची तपासणी तिकडे वळवली जात आहे. म्हणूनच मागच्या वेळी जेथे पासिंग झाले तेच ठिकाण या वेळीही असेल, असे धरून चालू नये. ऑनलाइन अर्ज करताना आपल्या वाहनासाठी पोर्टल जे केंद्र आणि जी वेळ दाखवते, तीच ग्राह्य धरावी. ही केंद्रे केवळ तपासणी करतात, त्यांना वाहनदुरुस्तीचा किंवा सुट्या भागांच्या विक्रीचा व्यवसाय तेथे करता येत नाही. केंद्राच्या आवारात कोणी ‘येथेच ब्रेक दुरुस्त करून देतो, लगेच पास होईल’ असे सांगत असेल, तर सावध व्हावे.

पीयूसीबाबत थोडक्यात. नव्या गाडीला पहिले एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषणविषयक मानकांच्या गाड्यांचे प्रमाणपत्र बारा महिने, तर त्याहून जुन्या गाड्यांचे सहा महिने वैध असते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना ते लागत नाही. गाडी समोर न आणता प्रमाणपत्र देऊ करणाऱ्या केंद्राकडे चुकूनही जाऊ नये, आणि मिळालेले प्रमाणपत्र ऑनलाइन दिसते की नाही हे तेथेच तपासून घ्यावे.

अर्ज अडकतो तो कोठे

ऑनलाइन अर्ज मध्येच थांबण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे प्रणालीत नोंदवलेला जुना मोबाइल क्रमांक. ओटीपी त्याच क्रमांकावर जातो, आणि तो क्रमांक कधी बंद पडलेला, कधी आधीच्या मालकाचा, तर कधी गाडी विकणाऱ्या डीलरचा असतो. मुदतीच्या बरेच आधी तो बदलून घ्यावा. दुसरी अडचण फार जुन्या गाड्यांची असते. हाती पुस्तकी आरसी आहे, पण ‘वाहन’ प्रणालीत गाडीची नोंदच सापडत नाही. अशा वेळी मूळ आरसी घेऊन नोंदणी कार्यालयात जाऊन बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या गाडीची प्रणालीत नव्याने नोंद, करून घ्यावी लागते, आणि हे काम संकेतस्थळावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करून होत नाही. कर्ज केव्हाच फिटले, तरी बँकेचा बोजा आरसीवर तसाच राहिलेला असणे हेही वारंवार आढळते. बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन तो उतरवून घ्यावा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवली नसेल, तर तिच्यामुळेही काम अडू शकते.

गाडी नापास होण्याची कारणे

येथे मात्र कागदपत्रे कामाला येत नाहीत. ब्रेक एका बाजूला ओढणे, हँडब्रेक न धरणे, हेडलाइटचा झोत वर किंवा बाजूला पडणे, स्टिअरिंगमध्ये जास्तीची ढिलाई असणे, धूर मर्यादेबाहेर जाणे ही नेहमीची कारणे आहेत. स्वयंचलित केंद्रात ब्रेकची ताकद रोलरवर चाकानुसार मोजली जाते, त्यामुळे चालवताना ‘ठीक लागतात’ असे वाटणारे ब्रेकही डाव्या-उजव्या चाकांतील फरकामुळे तेथे उघडे पडतात. कारच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली असेल, तर तो टायर कायद्यानेही वापरण्याजोगा राहत नाही. खाचेतील खुणेच्या उंचवट्यापर्यंत रबर झिजले की टायर बदलावा. वायपर, हॉर्न, इंडिकेटर, सीटबेल्ट आणि आरसे या लहान गोष्टींसाठी गाडी परत पाठवली जाणे सर्वांत मनस्ताप देणारे असते, कारण आदल्या दिवशी पंधरा मिनिटांत त्या पाहता आल्या असत्या.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत चॅसी क्रमांकाकडे विशेष लक्ष द्यावे. निरीक्षक तो आरसीशी पडताळतो आणि त्याचा ठसाही घेतला जातो. गंजामुळे अक्षरे पुसट झाली असतील, विशेषतः किनारपट्टीवरील गाड्यांत हे घडते, तर तो भाग हलक्या हाताने स्वच्छ करून घ्यावा. पॉलिश पेपरने जोरात घासू नये, कारण अक्षरे नष्ट झाली तर ती खाडाखोड मानली जाण्याची भीती असते.

गाडीत केलेले बदल ही दुसरी मोठी अडचण. रंग बदलला पण आरसीवर नोंदवला नाही, काचांवर गडद काळी फिल्म लावली, पुढे लोखंडी बुलबार बसवला, मोठा आवाज करणारा सायलेन्सर घातला, तर निरीक्षकाने आक्षेप घेणे रास्तच आहे. बाहेरून बसवलेले सीएनजी किट आरसीवर नोंदलेले असावे आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने घेतलेली मजबुतीची चाचणी) झालेली असावी. या टेस्टकडे दुर्लक्ष करणे केवळ नापास होण्यापुरते राहत नाही, तर गाडीत बसणाऱ्यांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे. व्यावसायिक वाहनांत वेगनियंत्रक, परावर्तक पट्ट्या, मालवाहू गाड्यांचे मागील व बाजूचे संरक्षक कठडे आणि प्रवासी वाहनांतील ट्रॅकिंग यंत्र चालू स्थितीत असल्याची खात्री आधीच करावी. पासिंगपुरते दुसऱ्याकडून टायर किंवा उपकरण मागून आणण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही वाहन नियमांत बसत नसल्याचे आढळले, तर ते रद्द करण्याचा अधिकार कलम ५६ ने दिला आहे, हे अशांनी ध्यानात घ्यावे.

गाडी नापास झालीच, तर दोषांची नोंद असलेला अहवाल मागून घ्यावा आणि त्यातील मुद्देच दुरुस्त करून घ्यावेत. मेकॅनिकला तोंडी सांगण्याऐवजी अहवालाची प्रत द्यावी. शुल्क भरून ठरावीक मुदतीत फेरतपासणी मागता येते आणि निकाल अमान्य असल्यास अपिलाचाही मार्ग आहे. हे सारे स्वतः करता येते. एजंटाची मदत घ्यायची असेल, तरी ऑनलाइन भरलेल्या शुल्काची पावती स्वतःच्या ताब्यात ठेवावी आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. तपासणी यशस्वी झाल्यावर दोन-चार दिवसांनी एम-परिवहनवर किंवा डिजिलॉकरमध्ये नवी मुदत दिसते का ते पाहावे, आणि दिसत नसेल तर अर्जाच्या क्रमांकासह त्याच कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी.