फॅमिली ट्रिपमध्ये नाश्त्याला दोघंच जायचंय? मग लवकर उठा

सासू-सासरे, पोरं, नणंद असा सगळा लवाजमा घेऊन महाबळेश्वरला गेलं की नवरा-बायकोला निवांत बोलायला वेळच मिळत नाही, पॉइंटवर फोटो नि रात्री पत्ते. आम्ही आता एक करतो, आदल्या रात्रीच रिसेप्शनला विचारून ठेवायचं नाश्ता कितीला सुरू होतो, समजा साडेसातला असेल तर साडेसातलाच दोघांनी खाली जायचं. पोरं आजी-आजोबांच्या रूममध्ये झोपवायची (आजीला आधी सांगून हं, नाहीतर सकाळी शोधाशोध).

नाश्ता रूमच्या भाड्यात असेल तर दारावरचा माणूस रूम नंबर बघून टिक करतो, त्याला तेव्हाच सांगायचं की आत्ता दोघंच आहोत, बाकीचे नऊनंतर येतील, नाहीतर नंतर उगाच वाद होतो. टेबल खिडकीजवळचं घ्या, डोसा काउंटर नि टोस्टरपासून लांब, तिथे सतत रांग असते. त्या वेळेला इडली गरम असते, पोहे कोरडे पडलेले नसतात आणि चहा मशीनचा नको असेल तर वेटरला सांगा, गर्दी नसली की बरेचदा किचनमधून आणून देतो.

मोबाईल रूमवरच ठेवा. प्लेट एकदम भरू नका, थोडं थोडं घ्या, तेवढाच जास्त वेळ बसता येतं.

फक्त चेक-आउटच्या दिवशी हे करू नका, तेव्हा बॅगा, बिल, ड्रायव्हरचे फोन, सगळं डोक्यात असतं. आणि पोरं खाली आली की सरळ उठून त्यांना वाढायला लागायचं, आपलं खाऊन झालंय हे सांगायची गरज नाही, दुसरा चहा तर चालतोच.