लग्नानंतरचं अमेरिकेचं ग्रीन कार्ड: घरातल्या कागदांपासून मुंबईतल्या मुलाखतीपर्यंत

जन्मदाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना रिकामा, शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर तिसरंच. मराठी घरातली ग्रीन कार्डची फाइल बहुतेक वेळा इथेच अडते. मुलाखतीची धास्ती सगळ्यांना असते, पण अधिकाऱ्यासमोर उभं राहण्याच्या कितीतरी आधी कागदांनी बरंचसं ठरवून टाकलेलं असतं. म्हणून फॉर्म भरायला घेण्याआधी घरातले सगळे दाखले टेबलावर पसरा.

इथे मुख्यतः एकच वाट सांगितली आहे. जोडीदार अमेरिकेत आहे, तुम्ही महाराष्ट्रात आहात आणि व्हिसाची मुलाखत मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत व्हायची आहे.

आधी तुमचा वर्ग ओळखा

जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल, तर वार्षिक कोट्याची रांग नसते. तो ग्रीन कार्डधारक असेल, तर तुम्ही एफ२ए वर्गात येता. मग दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये आपल्या प्रायॉरिटी डेटची पाळी आली का, ते पाहत राहावं लागतं. जोडीदाराने तुमच्यासाठी केलेला आय-१३० अर्ज ज्या दिवशी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे पोचला, ती तुमची प्रायॉरिटी डेट.

इथे एक खाचखळगा आहे. एफ२ए वर्गात आईबरोबर मुलंही त्याच अर्जात येऊ शकतात. मधल्या काळात जोडीदार नागरिक झाला, तर पत्नी रांगेतून बाहेर पडते, पण नागरिकाच्या वर्गात मुलांना तिच्या अर्जावर येता येत नाही. प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. नागरिकत्वाची शपथ झाली, की हे अर्ज लगेच टाका. सावत्र मूल असेल, तर त्याला १८ वर्षं पूर्ण होण्याआधी तुमचं लग्न झालेलं असायला हवं.

तिकडे बसून लग्नाच्या मार्गाने राहायचं, हे मनात धरून टुरिस्ट व्हिसावर जाऊ नका. विमानतळावर किंवा व्हिसाच्या खिडकीत सांगितलेला हेतू खोटा ठरला, तर त्याची किंमत आयुष्यभराची असू शकते.

नावांचा आणि तारखांचा तक्ता

एक कोरा कागद घ्या. डावीकडे कागदपत्रांची नावं लिहा: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लग्नाआधीचा पासपोर्ट, आत्ताचा पासपोर्ट, विवाह दाखला. प्रत्येकासमोर त्यावर छापलेलं नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर उतरवा. वडिलांचं नाव मधे आहे की नवऱ्याचं, आडनाव माहेरचं की सासरचं, लग्नात पहिलं नाव बदललं का, स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त आहे का, हे सगळं लिहा. तक्ता पूर्ण झाला, की घोळ कुठे आहे ते पाच मिनिटांत दिसतं.

आता तो निस्तरायचा. जन्मदाखल्यात नावाचा रकाना रिकामा असेल, तर ज्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आहे तिथे नाव चढवून नवा दाखला घ्या. नोंदच सापडत नसेल, तर तिथूनच अनुपलब्धतेचा दाखला घ्या आणि त्याला शाळेचा दाखला व जन्माची माहिती असलेल्या जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा आहे, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांच्या नोंदी नसणं नवल नाही. आईवडिलांसाठी अर्ज करणाऱ्यांना तर १ जून हमखास भेटतो. मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली ती तारीख पासपोर्टवर असते आणि ग्रामपंचायतीच्या वहीत खरी तारीख निघते. अशा वेळी दोन्ही कागद द्या आणि फरक का पडला ते प्रतिज्ञापत्रात सरळ सांगा. गैरसोयीचा कागद लपवू नका.

लग्नात नाव बदललं असेल, तर फॉर्ममध्ये ‘वापरलेली इतर नावं’ या जागी माहेरचं पूर्ण नाव लिहा. पासपोर्ट सासरच्या नावाने करून घ्यायलाच हवा असा नियम नाही. उलट अर्ज चालू असताना पासपोर्टवरचं नाव बदललं, तर आधीच्या सगळ्या फॉर्मांशी त्याची फारकत होते. बदलायचं तर अर्जाच्या आधीच बदला.

विवाह दाखल्याचंही असंच. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याखाली नमुना ड भरून नोंदणी होते आणि दाखला नमुना ई मध्ये मिळतो. त्यावर लग्नाची तारीख वेगळी आणि नोंदणीची वेगळी असते. फॉर्ममध्ये लग्नाची तारीख लिहायची. काही जोडपी कागदांच्या घाईसाठी विशेष विवाह कायद्याने आधी रजिस्टर लग्न करतात आणि काही महिन्यांनी हॉल घेऊन समारंभ. त्यांची कायदेशीर तारीख रजिस्टर लग्नाचीच. मधल्या काळात कुठल्या व्हिसा अर्जात स्वतःला अविवाहित लिहिलं असेल, तर ते आत्ताच आठवून ठेवा, कारण जुने अर्ज व्हिसा अधिकाऱ्यांना दिसतात.

मराठीतल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. शिक्का, समासातला शेरा, नोंदणी क्रमांक, काहीच गाळायचं नाही. खाली भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बिनचूक आहे असं लिहून नाव, पत्ता, तारीख, सही द्यायची. नवरा-बायकोने स्वतः भाषांतर करण्यापेक्षा तिऱ्हाइताकडून करून घेणं चांगलं.

आय-१३०: नातं खरं आहे हे दाखवणं

हा अर्ज अमेरिकेतला जोडीदार करतो. एप्रिल २०२४पासून त्याची फी ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर अशी आहे. फी आणि फॉर्मची आवृत्ती दोन्ही बदलतात, म्हणून पाठवायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहा. नवरा-बायकोच्या अर्जाला आय-१३०ए हा जोडफॉर्म लागतो. तो विसरला, की मागणीपत्र येतं आणि वेळ वाया जातो. दोघांपैकी कुणाचा आधी घटस्फोट झाला असेल, तर कोर्टाचा अंतिम हुकूमनामा जोडा. लग्न त्या हुकुमाच्या आधीचं निघालं, तर ते लग्नच धरलं जात नाही.

पुराव्यासाठी गठ्ठा लागत नाही, काळाचा पट लागतो. दहा-पंधरा फोटो पुरतात, पण ते एकाच दिवसाचे नकोत. साखरपुडा, लग्न, नंतरच्या भेटी, दोन्हीकडची माणसं असे फोटो घ्या आणि प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते लिहा. लग्नपत्रिका भाषांतरासह द्या. बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, एकमेकांना पाठवलेले पैसे, विमा किंवा बँकेतलं नॉमिनी म्हणून नाव, हे सगळं चालतं. व्हॉट्सॲपची चारशे पानं कुणी वाचत नाही. दर दोन-तीन महिन्यांतलं एखादं पान आणि कॉलची यादी द्या. ठरवून केलेल्या लग्नाला अधिकारी सरावलेले आहेत. स्थळ कुणी आणलं, कांदेपोह्यांना कोण आलं होतं, होकार किती दिवसांनी गेला, हे जसं घडलं तसं एका पानावर लिहा.

एनव्हीसी, म्हणजे कागदांचा मुख्य टप्पा

आय-१३० मंजूर झाला, की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे (एनव्हीसी) जाते. मुलाखतीआधी फी आणि कागद गोळा करणारं हे अमेरिकी सरकारचं केंद्र. मुंबईच्या फाइलचा क्रमांक बीएमबी या अक्षरांनी सुरू होतो. इथे दोन फी भराव्या लागतात, व्हिसा अर्जाची ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीची १२० डॉलर. त्यानंतर तुम्ही डीएस-२६०, म्हणजे इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि कागद अपलोड करायचे. या फॉर्ममध्ये वयाच्या १६व्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारतात. वसतिगृह, पुण्यातली पेइंग गेस्टची खोली, नोकरीचं गाव, सगळं लिहा. एनव्हीसीशी वर्षभर काहीच संपर्क ठेवला नाही, तर फाइल बंद होऊ शकते.

पोलिस क्लिअरन्स म्हणजे पीसीसी पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढा. पत्ता पासपोर्टपेक्षा वेगळा असेल, तर पोलिस पडताळणीला वेळ धरा. १६व्या वर्षानंतर दुसऱ्या एखाद्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिला असाल, तर तिथलंही प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेत एमएस केलं असेल, तर अमेरिकेचं मात्र लागत नाही.

आय-८६४: हमी देणाऱ्याचं उत्पन्न

आय-८६४ म्हणजे आर्थिक हमीचा फॉर्म. तो भरणाऱ्या स्पॉन्सरचं, म्हणजे अर्ज करणाऱ्या जोडीदाराचं, उत्पन्न अमेरिकी सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के हवं. २०२५च्या तक्त्यात दोन माणसांच्या घराला ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती. अलास्का आणि हवाईला आकडे वेगळे आहेत आणि तक्ता दरवर्षी बदलतो. चूक होते ती माणसं मोजताना. स्पॉन्सर, तुम्ही, त्याच्यावर अवलंबून असलेली मुलं, हे सगळे धरायचेच. शिवाय त्याने आधी आईवडिलांसाठी आय-८६४ दिला असेल आणि ती हमी अजून चालू असेल, तर तेही मोजायचे. दोनाचं घर मग चाराचं होतं.

उत्पन्न कमी पडलं, तर मालमत्तेने भरून काढता येतं. नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट मालमत्ता लागते. उत्पन्न ६,००० डॉलरने कमी असेल, तर कर्ज वजा जाता १८,००० डॉलरची आणि वर्षाच्या आत रोख करता येईल अशी बचत किंवा मालमत्ता दाखवावी लागते. तेही जमत नसेल, तर जॉइंट स्पॉन्सर घ्या. तो नात्यातला नसला तरी चालतो, पण अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा. त्याला आधीच सांगा, की ही हमी कायदेशीर करार आहे आणि तुमचा घटस्फोट झाला तरी ती संपत नाही. मैत्रीखातर सही करणाऱ्याला हे माहीत असणं त्याचा हक्क आहे.

वैद्यकीय तपासणी

मुलाखतीची तारीख आली, की वकिलातीच्या यादीतल्या डॉक्टरकडेच तपासणी करायची. फॅमिली डॉक्टरचा दाखला चालत नाही. लसीकरणाची जुनी कार्डं शोधून न्या, नाहीतर घेतलेल्याच लसी पुन्हा टोचतात. १५ वर्षांवरच्या सगळ्यांचा छातीचा एक्स-रे निघतो. त्यात क्षयाची शंका आली, तर थुंकीचे तीन नमुने घेतात आणि कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे लागतात. लहानपणी टीबी होऊन बरा झाला असेल, तर जुने एक्स-रे आणि औषधांचे कागद बरोबर ठेवा आणि तपासणी अगदी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. फार आधीही नको, कारण व्हिसाची मुदत या तपासणीच्या मुदतीला बांधलेली असते, बहुधा सहा महिने.

मुलाखतीचा दिवस

बोटांचे ठसे आणि फोटोची वेगळी अपॉइंटमेंट आधी असते. मुलाखतीला सगळ्या अस्सल प्रती, डीएस-२६०चं कन्फर्मेशन पान, बोलावण्याचं पत्र आणि दोन इंच बाय दोन इंच फोटो घेऊन जा. कागद ज्या क्रमाने अपलोड केले त्याच क्रमाने लावा. शपथ घेतल्यावर खिडकीपलीकडून प्रश्न येतात. इंग्रजीत अडखळत बोलण्यापेक्षा मराठीत बोलायचं आहे असं सुरुवातीलाच सांगा.

प्रश्न साधे असतात. कसे भेटलात, लग्नाला दोन्हीकडून कोण आलं, जोडीदार काय काम करतो, कुणाबरोबर राहतो, त्याचं आधी लग्न झालं होतं का, शेवटचं कधी भेटलात. पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं. विचारलं तेवढंच सांगा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाजाने तारीख ठोकू नका. सासूबाईंच्या गावाचं नाव चुकलं म्हणून कुणाचा व्हिसा जात नाही, पण आधीचा नाकारलेला व्हिसा लपवला तर जाऊ शकतो. अमेरिकेत परवानगी संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून परतलेल्यांवर तीन वर्षांची बंदी येते आणि वर्षभर किंवा जास्त राहिलेल्यांवर दहा वर्षांची. असा इतिहास असेल, तर अर्जाच्या आधीच इमिग्रेशन वकिलाला गाठा. गावातला एजंट इथे कामाचा नाही. त्याने काहीही लिहिलं, तरी खाली सही तुमची असते.

कधी पासपोर्ट परत देऊन २२१(जी)ची चिठ्ठी हातात ठेवतात. एखादा कागद कमी आहे किंवा तपास बाकी आहे, असा तिचा अर्थ. ऑनलाइन स्थितीत तेव्हा ‘रिफ्यूज्ड’ दिसतं आणि घरात रडारड सुरू होते. आधी चिठ्ठीवर नेमकं काय मागितलंय ते वाचा आणि सांगितलेल्या मार्गाने तो कागद द्या. त्यासाठी एक वर्षाची मुदत असते.

व्हिसा मिळाल्यावर

सीलबंद पाकीट दिलं, तर ते फोडू नका, सामानातही टाकू नका, हातात ठेवा. यूएससीआयएसची २३५ डॉलर इमिग्रंट फी निघण्याआधी भरा, नाहीतर कार्ड छापलं जात नाही. पोचल्यावर पत्ता बदलला, तर दहा दिवसांत एआर-११ भरून कळवा.

अमेरिकेत पाऊल ठेवलं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर कार्ड दोन वर्षांचं आणि सशर्त असतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, भरायचा. त्यासाठी भाडेकरारावर दोघांची नावं, जॉइंट खातं, एकत्र भरलेला कर, असे कागद पहिल्या महिन्यापासून जमवा. आणि ‘मी सही केली नाही तर तुझं कार्ड गेलं’ असं कुणी धमकावत असेल, तर ते खरं नाही. लग्न खरेपणाने केलं होतं, पण घटस्फोट झाला किंवा घरात छळ होत होता, तर सवलत मागून हा फॉर्म एकटीने, एकट्याने भरता येतो, आणि त्यासाठी ९० दिवसांची वाटही पाहावी लागत नाही.