तीन गाड्यांची एक गाडी बांधताय? आधी या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात अमळनेरकडचा एक मुलगा टेम्पोत गाडी टाकून माझ्याकडे आला. चेसिस जुन्या बुलेटची, पुढचा फोर्क पल्सरचा, मागचं चाक तिसऱ्याच गाडीचं आणि टाकी हाताने पत्रा ठोकून बनवलेली. टाकी इतकी देखणी की मी आधी नुसता तिच्यावरून हात फिरवत उभा राहिलो. मग तो म्हणाला, "दादा, हात सोडा का गाडी डावीकडे जास."

कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) नवा टाकून झाला होता, टायर बदलून झाले होते, फोर्क दोनदा उघडला होता. मी गवंड्याची लाइनदोरी काढली आणि दोन्ही चाकांना लावली. मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेपासून ११ मिलिमीटर उजवीकडे होतं. १३० चा जाड टायर डावीकडच्या चेनला घासत होता, म्हणून कुणीतरी ॲक्सलवर बुश (धातूचं कडं) टाकून अख्खं चाक उजवीकडे सरकवलं होतं. चाक उजवीकडे गेलं, गाडीचं वजन मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणजे वजन चाकांच्या रेषेच्या डावीकडे पडायला लागलं, आणि गाडी डावीकडे जाणारच.

वीस वर्षं लेथ आणि वेल्डिंगवर काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय. अशा गाड्यांमधले बहुतेक दोष शेवटी एकाच जागी येऊन थांबतात: दोन चाकं एका रेषेत घेण्याआधी बाकी कामाला हात घातलेला असतो.

कापण्याआधी कागद

ग्राइंडर हातात घेण्याआधी हे वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातला तपशील आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना यांच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून तीन गाड्यांची एक केलेली गाडी स्वतःच्या शेतात, खाजगी जागेत, प्रदर्शनात चालवा. एमएच १८, १९ किंवा ३९ ची पाटी लावून हायवेवर काढायची असेल, तर चेसिस आणि इंजिन मूळचं ठेवा. इंजिन बदलायचंच असेल, तर आधी आरटीओत जाऊन लेखी परवानगी घ्या.

चेसिस नंबर बहुतेक गाड्यांत नेकवर (हँडल जिच्यात फिरतं ती चेसिसची पुढची नळी) ठोकलेला असतो. नेक घासून गुळगुळीत करण्याच्या नादात तो नंबर गेला, की ती गाडी कागदावर मेली. इंजिन भंगारातून घेताना मूळ आरसी आणि पावती मागाच. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. चोरीच्या गाडीचं इंजिन आपल्या चेसिसमध्ये सापडलं, तर पोलीस चौकीत उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

टाकीपासून सुरुवात करू नका

मुलं फोनवर फोटो घेऊन येतात. टाकी अशी पाहिजे, सीट अशी पाहिजे, मागे लूप (सीटखालचा वाकवलेला पाइप) असा पाहिजे. मग टाकी बसवण्यासाठी वरचा पाइप कापतात, सीटसाठी मागची चेसिस उडवतात, आणि चाकं शेवटी जिथे बसतील तिथे बसवतात. हा क्रम पूर्ण उलटा आहे. आधी दोन चाकं, मग नेक, मग चिमटा (मागचं चाक धरणारा), मग इंजिन आणि चेन. टाकी-सीट सगळ्यात शेवटी.

दोरीची तपासणी घरी कुणालाही जमते. गाडी ओळंबा लावून सरळ उभी करा. पुढे-मागे दोन जॅक किंवा विटा ठेवून जमिनीपासून थोड्या उंचीवर, शक्य तितकी ॲक्सलच्या जवळून, दोन्ही बाजूंनी दोरी ताणा. दोरी मागच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही कडांना हलकेच टेकली पाहिजे. आता पुढच्या चाकापाशी या. मागचा टायर १३० मिलिमीटर आणि पुढचा १०० असेल, तर पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोरीपर्यंत १५-१५ मिलिमीटर जागा दिसायला हवी. एकीकडे २६ आणि दुसरीकडे ४ आली, तर चाक ११ ने बाजूला आहे. टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. दुसऱ्या रिमवर चढवला की टायरची रुंदी बदलते, म्हणून व्हर्नियरने मोजा.

फरक निघाला तर बुश टाकून चाक सरकवणं हा इलाज शेवटचा. आधी आऱ्या ओढून रिम हबवर मध्यभागी येते का पाहा. चार-पाच मिलिमीटर तिथेच सुटतात. मग टायर एक-दोन मापं बारीक करून पाहा. अमळनेरच्या गाडीचा इलाज तोच होता: १३० काढून ११० टाकला, बुश फेकले, रिम मध्यावर घेतली. टाकीला हात लावायची गरजच पडली नाही. पोराचं तोंड जरा उतरलं, कारण मागचं चाक बारीक दिसायला लागलं. पण शिवाररस्त्यावर एक किलोमीटर चालवून आला तेव्हा त्याने स्वतःच विचारलं, की हे आधी कुणी का नाही सांगितलं.

नेक आणि फोर्क

दुसऱ्या गाडीचा फोर्क लावला की लोक फक्त कोनसेट बसतो का एवढंच बघतात. खरं बघायचं असतं ते ट्रेल. हँडल सरळ ठेवा आणि नेकच्या रेषेत एक सरळ सळई धरून ती जमिनीला कुठे टेकेल ते खडूने खूण करा. पुढच्या ॲक्सलवरून ओळंबा सोडून दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. साध्या रोडगाडीला ८५ ते ११५ मिलिमीटर चांगलं. ६० च्या खाली गेलं, तर वेगात हँडल थरथरतं आणि एखाद्या खड्ड्यानंतर झटके मारायला लागतं. १५० च्या वर गेलं, तर गावातल्या गल्लीत वळवताना गाडी पडतेय की काय असं वाटतं.

हे माप किती पटकन बिघडतं ते लक्षात घ्या. फोर्क ५० मिलिमीटर लांब लावला, की चेसिस सुमारे दोन अंश मागे झुकते आणि ट्रेल दहा-बारा मिलिमीटरने वाढतो. १९ इंची चाकाऐवजी १७ इंची टाकलं, तर जवळपास तेवढाच कमी होतो. पुढे छोटं चाक, आखूड फोर्क आणि जास्त ऑफसेटच्या टी-प्लेट (फोर्कच्या नळ्या नेकपासून जास्त पुढे धरणाऱ्या पट्ट्या), तिन्ही एकदम केलं तर गाडी हातात राहत नाही.

कोनसेट ढिला बसतोय म्हणून पत्र्याची पट्टी घालून ठोकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. हे अजिबात करू नका. लेथवाल्याकडून बुश करून घ्या, दोन-तीन शतांश मिलिमीटर टाइट. खर्च दोनशे-तीनशे रुपयांचा आहे, आणि अख्खी गाडी त्या दोन कपांवर लटकलेली असते.

वेल्डिंग: इथे माणसं मरतात

आपल्याकडे प्रत्येक शेतात विहिरीचा जुना जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप पडलेला असतो. माझ्या पहिल्या गाडीचा मागचा लूप मी त्याचाच केला होता. रात्री थंडी वाजून ताप भरला. जस्ताच्या धुराने हे होतं. दूध पिऊन ते टळत नाही. आणि तो लूप काही महिन्यांतच जोडाला चिरला, कारण जस्त जोडात शिरलं की वेल्ड पोकळ होतो. चेसिसला जीआय वापरू नका. फर्निचरचा एक-सव्वा मिलिमीटरचा पाइपही नको. मुख्य चेसिसला दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचा सीमलेस (बिनजोड) पाइप घ्या. दोन पाइप नुसते तोंडाला तोंड लावून जोडू नका. आत घट्ट बसणारा तुकडा घाला, बाहेरच्या पाइपला भोकं पाडून तिथूनही वेल्ड भरा, मग गोल फिरवून जोड भरा.

मिगवर (गॅसच्या आवरणाखाली तार वितळवून केलेलं वेल्डिंग) काम करणाऱ्यांसाठी खान्देशातली एक खास चूक सांगतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४४-४५ च्या पुढे जातो, म्हणून कूलर सुरू असतो. कूलरच्या वाऱ्याने गॅस उडून जातो आणि मण्याला (वेल्डच्या वळीला) सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. वरून माणूस ग्राइंडर मारतो, लांबी (पुट्टी) भरतो, रंग देतो. जोड चकचकीत दिसतो, आतून जाळी झालेली असते. चेसिसचा जोड घालताना कूलर बंद ठेवा किंवा काम पहाटे करा. ७०१८ च्या रॉडने काम करत असाल, तर पावसाळ्यात उघडं पडलेलं पाकीट भट्टीत सुकवल्याशिवाय वापरू नका. आणि जोडावरचा मणी घासून सपाट करू नका. ताकद तिथेच असते.

जुन्या बुलेटवाल्यांनी हे खास लक्षात ठेवा. तिच्या चेसिसला खालून पूर्ण चौकट नाही. पुढचा एकच पाइप खाली येऊन इंजिनला बोल्टने धरतो, म्हणजे इंजिन हाच चेसिसचा एक भाग आहे. इंजिन काढून वेल्डिंग केलं, की उष्णतेने पाइप ओढला जातो आणि नंतर बोल्टची भोकं जुळत नाहीत. मग लोक टॉमी (लोखंडी पहार) घालून ओढून बसवतात आणि इंजिनचे कान तुटतात. इंजिन किंवा त्याचं रिकामं क्रँककेस जागेवर बसवून, बोल्ट कसूनच टॅक (छोटे ठिपक्यांचे जोड) मारा. एका बाजूला एक, मग समोर एक. सगळा जोड एकाच दमात भरू नका.

वेल्डिंगआधी बॅटरीची वायर, रेक्टिफायर आणि सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) काढा. अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. तो मागच्या चाकाला लावून नेकवर वेल्ड केलं, तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर डाग पडतात.

पेट्रोलच्या जुन्या टाकीला वेल्ड करायचा असेल, तर ती धुऊन वाळवणं पुरेसं नाही. पत्र्याच्या दुमडीत राहिलेल्या वाफेनेही टाकी फुटते. साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा, मग वेल्डच्या जागेच्या जरा खालीपर्यंत पाणी भरा, झाकण उघडं ठेवा आणि तोंड बाजूला ठेवूनच काम करा. शक्य असेल तर टाकीवाल्याकडेच द्या.

ब्रेकचा तो एक रॉड

मागचं हब एका गाडीचं आणि चिमटा दुसऱ्या गाडीचा, असं केलं की ड्रमची प्लेट धरून ठेवणारा रॉड बसत नाही. पुष्कळजण तो सोडूनच देतात, कारण गल्लीत ब्रेक तरीही लागतो. लळिंगच्या किंवा कन्नडच्या घाटासारख्या उतारावर जोरात पाय दाबला, की प्लेट चाकाबरोबर फिरते, ब्रेकची सळई गुंडाळली जाते आणि चाक जागीच जाम होतं. चिमट्याला जाड पत्र्याचा कान वेल्ड करा, रॉड ८.८ ग्रेडच्या बोल्टने लावा आणि बोल्टला स्प्लिट पिन घाला. हे न करता गाडी माझ्या दारातून बाहेर जात नाही.

बाकीचं थोडक्यात. चेन ४२८ मापाची आणि स्प्रॉकेट ५२० चं असं चालत नाही, दोन्हींच्या कड्यांमधलं अंतर वेगळं असल्याने चेन दातांवर बसतच नाही. पुढचं स्प्रॉकेट बुश टाकून पाच-सहा मिलिमीटरपेक्षा बाहेर आणलं, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग बोलायला लागतं. रंगावर अर्थिंग लावलं, तर हॉर्न वाजताना हेडलाइट मंद होतो. रंग खरवडून अर्थिंग द्या. सीटखाली उघडा फिल्टर लावू नका. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, आणि रिंगा एका हंगामात झिजवते. फिल्टरला डबा करा. मेच्या दुपारी बसवलेला जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) डिसेंबरच्या पहाटे कमी पडतो, कारण थंड हवा घट्ट असते. दोन्ही ऋतूंत प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढरा असेल तर जेट एक नंबर मोठा करा.

पन्नास किलोमीटरनंतर

रंगाची घाई करू नका. गाडी कच्चीच, नुसतं तेल पुसून, पन्नास किलोमीटर चालवा. मग टाकी उतरवा आणि सगळे बोल्ट पुन्हा कसा. प्रत्येक जोड ब्रशने साफ करून त्यावर रॉकेल लावा, दहा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. आता शाळेतला पांढरा खडू चुरून ती पूड जोडावर चोळा आणि चहा पिऊन या. चीर असेल, तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटते. बघायची पहिली जागा नेकच्या खालची, जिथे पुढचा पाइप येऊन मिळतो. तिथे रेघ दिसली, तर वरून भरू नका. जोड पूर्ण कापून काढा, आत तुकडा घाला आणि पुन्हा पहिल्यापासून दोरी लावा.