स्लॅबवरच्या लाकडी फ्लोरिंगच्या पट्ट्या सुटल्यात? उखडू नका, आधी हे करून बघा

आमच्या बेडरूममध्ये कपाटासमोर पाय पडला की चार-पाच पट्ट्या खाली दबायच्या नि टक्क करून वाजायच्या. कार्पेंटर म्हणाला सगळं उखडून नवीन टाकू. म्हटलं थांब बाबा.

पहिलं बघायचं ते फ्लोरिंग ग्लूने चिकटवलंय की फोमच्या थरावर पट्ट्या एकमेकींत नुसत्या क्लिक करून अडकवून अंथरल्यात, दाराजवळ फ्लोरिंगची कड झाकणारी पट्टी काढली की कळतं. फोमवालं जरा हलणारच, त्याला मधेच एका जागी चिकटवलं तर पावसाळ्यात फुगताना सरकायला जागा राहत नाही आणि सांधे उघडतात, तेव्हा त्याच्या नादी लागू नका.

चिकटवलेलं असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. घट्ट जागी ठस्स, सुटलेल्या जागी डब्ब. डब्ब वाजेल तिथे मास्किंग टेप लावा.

आता ओल. पट्टीच्या कडा उचलल्यात आणि मधे खोलगट झालीय म्हणजे खालून पाणी येतंय. मॉइश्चर मीटर, म्हणजे ओल मोजायचं यंत्र, मिळाला तर सुटलेल्या आणि घट्ट, दोन्ही जागी लावून बघा. आमच्याकडे भिंतीपलीकडच्या बाथरूमच्या टाइल्सचे सांधे गेले होते, ते भरून घेतले आणि महिनाभर काहीच केलं नाही, ओल्यात ग्लू भरणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः.

वाळल्यावर ड्रिलच्या 3 मिमीच्या बिटने प्रत्येक पोकळीला दोन भोकं, एकातून ग्लू जातो, दुसऱ्यातून हवा बाहेर येते. बिटवर लाकडाच्या जाडीइतक्या अंतरावर टेप गुंडाळा म्हणजे भोक स्लॅबमध्ये जाणार नाही, आपल्याकडे खालून कुठून वायरिंगचा पाइप गेलाय देव जाणे. भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या. पांढरा फेविकॉल नको, तो पाण्यावरचा, बंद पोकळीत नीट सुकत नाही. फ्लोरिंगसाठीचा इंजेक्शनचा ग्लू किंवा पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा ग्लू) घ्या आणि दुसऱ्या भोकातून डोकावेपर्यंत सिरिंजने हळूहळू भरा. वर सांडलेलं लगेच पुसा, पॉलिशवर एकदा सुकलं की रडत बसाल.

वर प्लास्टिकचा कागद, फळी आणि वजन. मी 20 लिटरचे पाण्याचे दोन जार आणि आईचा पाटा ठेवला, आई दिवसभर विचारत होती चटणी कशावर वाटू म्हणून. 24 तास हलवायचं नाही. मग भोकांत पट्टीच्या रंगाची मेणाची कांडी दाबून भरा, जुन्या एटीएम कार्डाने खरवडून सपाट करा.

परत ठोकून बघा. आमची एक पट्टी अजून डब्ब वाजत होती, तिला तिसरं भोक पाडावं लागलं.