पिन, पॅन, पीएफ, पीपीओ : ‘पी’च्या गर्दीत या चुका टाळा

महा ई-सेवा केंद्रातला मुलगा “काका, पीपीओ नंबर सांगा” म्हणतो आणि काका प्लॅस्टिकच्या पिशवीतून पॅन कार्ड काढून पुढे करतात. काकांचं यात काही चुकत नाही. पिन, पॅन, पीएफ, पीपीएफ, पीपीओ, प्रान, पीएनआर, पीयूके ही सगळी नावं एकाच अक्षरानं सुरू होतात, आणि फॉर्मवर ती पूर्ण लिहिण्याची तसदी कुणी घेत नाही. म्हणून अशा कुठल्याही रकान्यापुढे आधी दोन प्रश्न विचारावेत. हा क्रमांक मला दिला कुणी? आणि तो दुसऱ्याला सांगायचा असतो का?

दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त महत्त्वाचा ठरतो तो पिनच्या बाबतीत, कारण पिन दोन प्रकारचे आहेत आणि त्यांचा स्वभाव अगदी उलटा.

टपालाचा पिनकोड जगाला सांगण्यासाठीच असतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला, आणि त्यामागचं नाव आपल्या कोकणातलं : संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर. एकाच नावाची गावं देशभर पसरलेली, पत्ते निरनिराळ्या भाषांत लिहिलेले; त्यावर हा सहा आकड्यांचा उपाय. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हे सगळे ४ मध्ये येतात, आणि इथेच चूक लपते. कोल्हापूरकडचे पिनकोड ४१६ ने सुरू होतात. घाईत ४६१ लिहिलं तर पहिला ४ बरोबरच दिसतो, पण ते मध्य प्रदेशातल्या नर्मदापुरमकडचे आकडे आहेत. वडगाव, पिंपळगाव अशा नावांच्या गावात राहणाऱ्यांनी तर पिनकोड दोनदा वाचावा. तो तालुक्याचा नव्हे, तुमच्याकडे टपाल वाटणाऱ्या पोस्टाचा लिहायचा.

एटीएमचा किंवा यूपीआयचा पिन मात्र घरातल्यांनाही सांगायचा नसतो. फसवणारे नेमका याच सारखेपणाचा फायदा घेतात. “पार्सलसाठी पिन द्या” म्हणून बोलणं सुरू होतं, आपण निर्धास्तपणे पिनकोड सांगतो, आणि मग हळूच “आता रिफंड घ्यायला मोबाईलवर पिन टाका” येतं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. तो टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत नाहीत. एवढं एक वाक्य आईवडिलांना पाठ करून घ्यायला लावा, मी मनापासून सांगतो. फोन उघडायचा पिन आणि यूपीआयचा पिन एकच ठेवणं हीसुद्धा तशीच महागडी चूक. नातवंडांना फोनचा पिन माहीत असतोच. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, तातडीनं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

पॅन नीट टिपला जात नाही, कारण इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक सारखेच दिसतात. यावर खात्रीचा इलाज आहे. पॅनची दहा ठिकाणं ठरलेली असतात : आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. म्हणजे दुसऱ्या जागी शून्य असूच शकत नाही आणि सातव्या जागी ओ असूच शकत नाही. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर ‘पी’ असतं आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर. इथे लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका गडबडतात. आता पाचवं अक्षर जुळत नाही, म्हणून नवा पॅन काढायला जातात. तसं अजिबात करू नका. नाव दुरुस्त करून घ्यायचं, क्रमांक तोच राहतो. दोन पॅन बाळगले तर दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. चुकून निघालाच असेल तर दुसरा परत करा.

पीएफ आणि पीपीएफ यांत फरक एका अक्षराचा, पण खाती पूर्ण वेगळी. पीएफ पगारातून कापला जातो आणि त्यात मालकही भर घालतो. पीपीएफ आपण स्वतः पोस्टात किंवा बँकेत उघडतो. एक असलं की दुसरं काढता येत नाही, हा समज चुकीचा आहे. नोकरी बदलल्यावर पीएफचा मेंबर आयडी बदलतो, पण यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांना मिळून असणारा पीएफचा बारा आकडी क्रमांक, तोच राहतो. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन द्या. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, आणि मुलाच्या नावानं उघडलेल्या खात्यात तुम्ही भरता ती रक्कमही त्याच मर्यादेत धरली जाते. पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज बुडतं.

आता काकांचा पीपीओ. हा पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक. पीएफ कार्यालयाकडून पेन्शन घेणाऱ्यांचा पीपीओ बारा आकडी असतो, आणि आधार, यूएएन, एनपीएस या पेन्शन योजनेतल्या खात्याचा क्रमांक म्हणजे प्रान, हेही बाराच आकडी. त्यामुळे आकडे मोजून उपयोग नाही, कागदावरचं नाव वाचावंच लागतं. हयातीचा दाखला मोबाईलवरून भरताना पीपीओच्या जागी दुसराच क्रमांक गेला, तरी प्रमाण आयडीचा, म्हणजे त्या दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज येऊ शकतो आणि माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात पेन्शन देणारं कार्यालय तो दाखला नाकारू शकतं आणि पेन्शन थांबते. म्हणून मेसेज आल्यावरही दाखला स्वीकारला गेला की नाही ते जीवन प्रमाण या हयातीच्या दाखल्याच्या सरकारी संकेतस्थळावर बघा.

रेल्वेचा पीएनआर दहा आकडी असतो. तिकिटाचा फोटो ग्रुपवर टाकताना तो झाका, त्यावरून तुमचा प्रवास कुणालाही बघता येतो.

राहिला पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडण्याचा क्रमांक. सिमचा पिन तीनदा चुकला की फोन हा आठ आकडी क्रमांक मागतो. तिथे अंदाजानं काहीही टाकू नका. सिम ज्या कार्डात आलं होतं त्यावर तो छापलेला असतो. नसेल तर दुसऱ्या फोनवरून कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा. दहादा चुकलात तर ते सिम कायमचं बंद होतं आणि नवं घ्यावं लागतं.