आयसीडीचा उगाच शॉक बसला तर काय करायचं

आमच्या अण्णांच्या छातीत आयसीडी आहे, म्हणजे ठोके जीवघेणे बिघडले तर आतूनच शॉक देणारं मशीन. गेल्या मे महिन्यात ते अंगणात अनवाणी उभं राहून लोखंडी कूलरमध्ये पाणी भरत होते आणि एकदम "आई गं" म्हणून खालीच बसले. पूर्ण शुद्धीत होते, छातीत आतून कुणीतरी लाथ घातली म्हणाले.

असं झालं की पहिलं म्हणजे पेशंटला बसवा नाहीतर आडवं करा, आणि करंटची शंका असेल तर हात लावायच्या आधी मेन स्विच पाडा. नुसत्या आयसीडीच्या शॉकला घाबरायचं कारण नाही, धरणाऱ्याला फार तर झिणझिण्या येतात. एकच शॉक बसला आणि नंतर अगदी बरं वाटतंय, तर त्याच दिवशी आपल्या हार्टच्या डॉक्टरांना फोन करा. पण 24 तासांत दोन किंवा जास्त बसले, किंवा एकानंतरच छातीत दुखतंय, धाप लागतीय, चक्कर येतीय, तर सरळ 108 लावा, स्वतः गाडी काढून निघायचं नाही. पेशंट बेशुद्ध पडला आणि श्वास नीट नसेल तर 108 लावून लगेच छाती दाबायला सुरुवात करा. आणि "उगाचच बसला असंल" असं घरी बसून ठरवू नका, खरा शॉक आणि फुकटचा शॉक अंगाला सारखाच लागतो.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती. कागद घ्या आणि लिहा: किती वाजले होते, काय करत होता, हात कशाला लागला होता, पाय ओले होते का, आधी धडधड झाली का, सकाळची गोळी घेतली होती का. मशीन त्या वेळचे ठोके साठवून ठेवतं पण हात कूलरवर होता हे त्याला कुठून कळणार? डॉक्टरांनी रेकॉर्ड काढलं तर ठोक्यांच्या मधे एकसारखी बारीक खरखर दिसली, घरातल्या 50 हर्ट्झ करंटची. कूलरच्या बॉडीत लीकेज होतं आणि मशीन त्यालाच ठोके समजलं! मशीनपासून हृदयात गेलेली वायर तुटत आली असती तरी अशी खरखर येते, पण ती बहुतेक त्या एकाच वायरवर आणि वेडीवाकडी दिसते, म्हणून हा कागद सोबत असला की निदान लवकर होतं.

बाकी कारणं म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हे फार कॉमन, वरच्या कप्प्यातले ठोके सैरभैर पळतात आणि मशीन फसतं. ताप, पळापळ, गोळी चुकणं यानंपण ठोके वाढतात. डॉक्टरांना सेटिंगबद्दल जरूर विचारा मालक, 2012 च्या मॅडिट-आरआयटी अभ्यासात ठोके 200 च्या वर गेल्यावरच किंवा जरा थांबून शॉक द्यायचा असं ठेवलं तर फुकटचे शॉक खूप कमी झाले, मृत्यूपण घटले. मात्र ते पेशंट आधी असा घातक प्रसंग न आलेले होते, त्यामुळं तुमचं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. दवाखान्यात मशीनवर चुंबक ठेवून शॉक तात्पुरता थांबवतात, ते बघून घरी चुंबक आणून ठेवू नका, खरी वेळ आली तर शॉक मिळणारच नाही.

घरी मोबाईल शर्टाच्या खिशात नको, 15 सेंटीमीटर लांब आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला. पण सोलापुरात खरी भीती लूमच्या जुन्या मोटारी, बोअरचा स्टार्टर, पाणी तापवायचा रॉड आणि उन्हाळ्यात घरोघरी असतो तो पत्र्याचा कूलर यांची, यांना अर्थिंग बऱ्याचदा नावालाच असतं. वायरमन बोलवून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की आपोआप पडणारा स्विच, बसवा. आम्ही दोन्ही केलं. अण्णा आता पिन काढून, चप्पल घालून पाणी भरतात, आणि तरी आई दारात उभी असतेच.